ओघळ, फोड आणि संत्र्याची साल

गाडीला नवा रंग देऊन झाला की गॅरेजवाले ती बहुधा संध्याकाळी ताब्यात देतात. त्यात काही डाव असतोच असे नाही. दिवसभराचे काम दिवस मावळताना संपते, इतकेच. ट्यूबलाइटच्या उजेडात गाडी नवरीसारखी दिसते. पैसे दिले जातात, पेढे वाटले जातात, लिंबू-मिरची बांधली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळचे ऊन बॉनेटवर तिरपे पडते आणि मग एकेक गोष्ट नजरेला येऊ लागते. दारावर मेणबत्तीच्या मेणासारखा एक ओघळ उतरलेला. टपावर बारीक बारीक कण. बॉनेटवर हात फिरवला तर गुळगुळीत, पण त्यात पाहिले तर विजेच्या खांबाचे प्रतिबिंब पाण्यात हलल्यासारखे वेडेवाकडे. पंधरा-वीस हजार, कधी पन्नास हजार रुपये मोजलेले असतात. माणूस रागावतो, ते साहजिकच आहे. अशा वेळी काय करायचे, आणि विशेषतः काय करायचे नाही, याबद्दल आज थोडे बोलायचे आहे.

मी या धंद्यातला नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माझे मामू कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर स्प्रे गन धरून उभे राहिले. गॅरेज लाईनीत त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत. शाळेला सुट्टी लागली की आम्हा भाच्यांना त्यांच्याकडे पॉलिश पेपर घासायला बसवत. बोटांची कातडी जायची, पण रंग म्हणजे काय असतो ते तिथे कळले. पुढे मी त्यात वाचून थोडी भर घातली.

सगळ्यात आधी आपल्या गाडीवर कोणता रंग बसला आहे ते माहीत हवे. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांना टांग्याच्या किंवा बग्गीच्या रंगाप्रमाणे ब्रशने तेलरंग आणि व्हार्निश लावत, आणि ते वाळायला आठवडेच्या आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा 'ड्युको' नावाचा नायट्रोसेल्युलोज रंग आला. जनरल मोटर्सने तो आपल्या 'ओकलंड' गाड्यांना निळ्या छटेत वापरला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडचे सुतार आजही कपाटाला 'ड्युको मारून देतो' म्हणतात, ते त्या जुन्या नावावरूनच. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात आपल्या गॅरेजांत हाच एन. सी. रंग चाले. तो फक्त थिनर उडून जाऊन वाळतो. त्याच्यात रासायनिक बदल काही होत नाही. म्हणून वर्षभराने थिनरचा बोळा फिरवला तरी तो पुन्हा विरघळतो. त्याला चमक यायची ती रबिंगनेच, त्यामुळे त्या काळचा पेंटर हा निम्मा घासणारा असे.

आता बहुतेक ठिकाणी दोन डब्यांचा रंग असतो. एका डब्यात रंग किंवा क्लिअर, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केले की क्रिया सुरू होते. काही तासांत डब्यातला उरलेला मालही घट्ट होऊन जातो. मेटॅलिक गाड्यांना खाली रंगाचा पातळ थर असतो, त्याला स्वतःची चमक नसते, आणि वर पारदर्शक क्लिअरचा थर. चमक येते ती क्लिअरची. दूध आणि साय असा हा संसार आहे. तुमच्या गाडीवर यातले काय आहे ते कळायला एक सोपी युक्ती आहे. पांढऱ्या फडक्याला थोडे कंपाउंड लावून दाराच्या खालच्या कोपऱ्यात हलके घासावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वरचा थर रंगाचाच आहे. फडके पांढरे राहिले तर वर क्लिअर आहे. हे आधी पाहून ठेवणे फार गरजेचे, कारण पुढे घासताना फडक्यावर किंवा पाण्यात रंग दिसला तर पहिल्या गाडीत ते चालते, दुसऱ्या गाडीत तो अपघात असतो.

आणि हा क्लिअर जाड किती असतो? तर साधारण ४० ते ६० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थराने ऊन, पाऊस, धूळ सगळे झेलायचे, ज्याच्यावर आपण मशीन फिरवायला निघालो आहोत, तो एका केसाएवढाही जाड नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे प्रायमरपासूनचे सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतात. गॅरेजात पुन्हा रंगवलेल्या गाडीवर ते जास्त असतात, पण ते जाड आहेत ते खालच्या जुन्या थरांमुळे. वरचा क्लिअर तेवढाच. त्यातून दहा-बारा मायक्रॉनपेक्षा जास्त घासून काढू नये, असा जाणत्यांचा हिशेब आहे. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारे द्रव्य त्या क्लिअरमध्येच मिसळलेले असते. तो फार पातळ झाला तर आज गाडी आरशासारखी दिसेल आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी टपावरचे पापुद्रे सुटतील. जाडी मोजायचे छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र आता मिळते. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांकडे ते हमखास असते. अर्धा तास मागून आणायला हरकत नाही.

तर मित्रहो, दोष दिसल्यावर पहिला उपाय आहे थांबणे. हा उपाय कोणालाच आवडत नाही. भट्टीत म्हणजे बूथमध्ये पत्रा ६० अंशांपर्यंत तापवून अर्धा तास ठेवला असेल तर गाडी थंड झाल्यावर, दुसऱ्या दिवशी पॉलिशला घेता येते. पण आपल्याकडची बरीच कामे शेडमध्ये, उघड्या हवेवर वाळवलेली असतात. तो रंग बोटाला कोरडा लागला तरी आतून ओला असतो. भाकरी वरून शेकली आणि आत कच्ची राहिली, तसे. त्याच्यावर कागद फिरवला तर तो कागदाला चिकटतो, ओरखडे खोल जातात, आणि आज काढलेली चमक महिन्याभराने बसते. मामू नखाने पाहायचे. दाराच्या आतल्या कडेला, जिथे दिसत नाही तिथे नख दाबायचे. वळ उठला तर म्हणायचे, ''अजून झोपेतच हाय ह्यो. उठवू नका.'' आठ दिवस थांबावे. पावसाळ्यात त्याहूनही जास्त.

आता दोषांकडे वळू. घासून जाणारे दोष आणि घासून न जाणारे दोष, असे यांचे दोन सरळ गट आहेत. ही वाटणी चुकली की पुढचे सगळे चुकते.

सर्वांत किरकोळ दोष कचऱ्याचा. रंग ओला असताना त्यावर बसलेला धुळीचा कण, सुताचा धागा, कधी एखादे चिलट. तो क्लिअरमध्ये बसला असेल तर २००० किंवा २५०० नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, रबरी ठोकळ्याच्या कोपऱ्याला लावून, तेवढ्याच जागेवर हलके घासायचे आणि नंतर पॉलिश. दहा कणांसाठी अख्खे बॉनेट घासणे म्हणजे एका चुकीच्या शब्दासाठी सगळी कविता फाडून टाकणे.

मग ती संत्र्याची साल. इंग्रजीत या दोषाला हेच नाव आहे, आणि नाव अगदी नेमके आहे. नागपूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. फवाऱ्याचे थेंब पत्र्यावर पडल्यावर पसरून एक व्हायला हवेत, ते त्याआधीच आळतात. रंग दाट झाला, हवेचा दाब कमी पडला, गन पत्र्यापासून फार लांब धरली, किंवा भर उन्हाळ्यात झटपट उडणारे थिनर वापरले की असे होते. गन साधारण सहा ते आठ इंचांवर असावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढावा, हा धडा पहिल्या दिवशीचा. हा दोष क्लिअरचा असेल तर घासून जातो. १५०० च्या कागदाने उंचवटे सपाट करायचे, मग २०००, मग ३०००, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे पुढचा कागद खाऊन टाकतो. त्यानंतर कंपाउंड आणि शेवटी बारीक पॉलिश. घासलेली जागा सगळीकडे सारखी धुरकट दिसली की थांबायचे. मध्ये मध्ये चमकणारे ठिपके दिसत असतील तर ते खळगे उरलेले आहेत.

इथे एक गोष्ट गिऱ्हाइकाने लक्षात घ्यावी. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या गाडीवरही थोडी साल असतेच. शोरूममधल्या गाडीच्या दारात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा, कडा किंचित थरथरलेली दिसेल. तुम्ही एकच दार रंगवून घेतले आणि ते काचेसारखे सपाट करायला लावले, तर बाकीच्या गाडीत ते परके दिसेल. चांगला पेंटर मुद्दाम शेजारच्या पत्र्यासारखी साल ठेवतो. त्याला दोष देऊ नये.

ओघळ हा सगळ्यात बदनाम दोष, कारण तो लांबून दिसतो. एका जागी माल जास्त पडला की तो खाली सरकतो. दाराच्या हँडलखाली, मडगार्डच्या वळणावर तो हमखास सापडतो. लोक त्याच्यावर थेट मशीन लावतात. मशीनचे मऊ पॅड ओघळावर चढते आणि उतरते. ओघळ तसाच राहतो आणि भोवतीचा चांगला क्लिअर मात्र पातळ होतो. ओघळाला कडक वस्तूच लागते. तो पूर्ण वाळल्यावर त्याच्या चारी बाजूंनी टेप लावावी, म्हणजे चांगल्या रंगाला ओरखडा जात नाही. मग दाढीच्या नव्या पात्याची कड आडवी धरून ओघळाचा माथा खरवडत आणायचा. पाते पत्र्याला टेकायला आले की ते ठेवून द्यायचे आणि ठोकळ्यावर १५०० चा कागद घेऊन उरलेले सपाट करायचे. नुसत्या बोटाने घासू नये. बोटाखाली नाली पडते. हे काम अर्ध्या तासाचे असते आणि ते अर्ध्या तासातच करावे. घाई झाली की ओघळाच्या जागी खड्डा होतो.

पण ओघळ खालच्या मेटॅलिक रंगात आलेला असेल आणि त्यावर क्लिअर मारलेला असेल, तर कितीही घासून उपयोग नाही. मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे अतिबारीक पापुद्रे असतात. ओघळीत ते उलटेसुलटे गोळा होतात आणि तिथे गडद डाग दिसतो. वरची काच पुसून आतली तसबीर बदलत नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

न जाणाऱ्या दोषांत मला सगळ्यात फसवा वाटतो तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांचा. लांबून धूळ बसल्यासारखी दिसते. हात फिरवला तर काही लागत नाही. भिंगातून पाहिले तर प्रत्येक ठिपका म्हणजे एक फुटलेला बुडबुडा. क्लिअरचे दोन हात भराभर आणि भरगच्च मारले, मधला पाच ते पंधरा मिनिटांचा अवकाश दिला नाही, आणि वर लगेच दिवे लावून तापवले, की वरची साय धरते आणि आतले थिनर बाहेर पडायला वाट शोधते. ते साय फोडून निघून जाते, भोक राहते. कित्येकदा ही भोके थरात खोलवर गेलेली असतात. वरून घासले तर नवी उघडी पडतात, आणि कंपाउंड लावले तर त्यांच्यात पांढरे जाऊन बसते, म्हणजे आधी न दिसणारी छिद्रेही आता रांगोळीसारखी दिसू लागतात.

आमच्या शेजारच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या गाडीचे असेच झाले. राखाडी मेटॅलिक रंगाची छोटी गाडी, जुनी घेतलेली. मुलीचे लग्न एप्रिलात, म्हणून सरांनी ती एका गॅरेजात पूर्ण रंगवायला टाकली आणि 'चार दिवसांत द्या' म्हणाले. गॅरेजवाल्याने नाही म्हणायला हवे होते, तो हो म्हणाला. भर उन्हाळ्याची दुपार, क्लिअरचे जाड हात, वर हॅलोजनचे दिवे. बॉनेट आणि टप दोन्हींवर छिद्रांचा सडा. सरांनी तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी मशीन लावून रबिंग करून दिले. मग पांढरे ठिपके उठले. पुन्हा तक्रार, पुन्हा रबिंग. दुसऱ्या खेपेला बॉनेटच्या पुढच्या कडेला क्लिअर पार निघून गेला आणि तिथे मॅट, कोरडा राखाडी पट्टा पडला. लग्नात त्या बॉनेटवर झेंडूच्या माळा जरा जास्तच सोडाव्या लागल्या.

लग्नानंतर सर गाडी घेऊन मामूंकडे आले. त्यांच्या मनात सगळी गाडी पुन्हा खरवडून घ्यायचे होते, पैशाचीही तयारी होती. मामूंनी गाडी उन्हात उभी केली, चारी बाजूंनी फिरून पाहिली, दोन्ही दारे, डिकी, मडगार्ड नखाने तपासले. मग म्हणाले, ''सर, बॉनेट आन् टप, दोनच. ह्यांना पॉलिश चालणार न्हाई, परत करावं लागंल. बाकी गाडीला कुणाला हात लावू देऊ नका.'' सरांना ते पटेना. त्यांच्या मते सगळीच गाडी बिघडली होती. पण दारे आणि मडगार्ड उभे पत्रे; त्यांच्यावर दिव्यांचा ताव सरळ बसला नव्हता, तिथला क्लिअर चांगला धरला होता. मामूंनी दोन पत्रे छिद्रांच्या तळापर्यंत घासून घेतले, प्रायमर सरफेसर मारून पुन्हा सपाट केले आणि नवा रंग दिला. सर रोज संध्याकाळी येऊन उभे राहत आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी घाई करणे सोडून दिले.

हे लांबवून सांगितले, कारण 'रबिंग मारून देतो' हे आपल्याकडे सगळ्या दोषांवरचे औषध झाले आहे. तापाला, मोडलेल्या हाडाला आणि डोळ्याला एकच गोळी. मशीन लावायचेच तर काही गोष्टी पाहून घ्याव्यात. पत्र्याच्या कडांवर, बॉनेटच्या घडीच्या रेषेवर रंग नेहमीच पातळ असतो, कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो. म्हणून कडांना टेप लावूनच मशीन धरावे. मशीन एका जागी थांबू नये. मधूनमधून हाताचा तळवा पत्र्यावर ठेवून पाहावा. चटका बसला तर थांबावे. आणि काम उन्हात करू नये. गोल फिरणारे मशीन जोरात काम करते, पण उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चट्टे सोडते. दुहेरी हालचालीचे मशीन सावकाश काम करते आणि नवख्या हाताला क्षमा करते. शेवटचा हात तरी त्याचा असावा.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात, तेही रबिंगने जात नाहीत. मध्ये पत्रा किंवा खालचा थर दिसतो आणि रंग भोवती कडे करून उभा असतो. पत्र्यावर सिलिकॉनचा किंवा तेलाचा अंश राहिला की रंग तिथून मागे हटतो, तेलकट तव्यावर पाणी हटते तसा. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, जुने पॉलिश, कॉम्प्रेसरमधून आलेले तेल, इतकेच काय, पेंटरने केसांना लावलेले तेल हातावाटे पत्र्यावर आले तरी पुरते. घासून झाल्यावर सोल्व्हेंटने पुसताना दोन फडकी लागतात: एकाने ओले करायचे आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपून घ्यायचे. एकाच फडक्याने पुसले तर तेल नुसते फिरवले जाते.

पावसाळा हा आपल्याकडचा खास विषय. हवेत ओल असताना एन. सी. रंग मारला तर थिनर उडताना पत्र्यावरची हवा गार होते, तिच्यातले पाणी रंगावर बसते आणि दुधट धुके धरते. दोन डब्यांच्या रंगातला हार्डनर तर पाण्याशीच क्रिया करतो. त्यातून कर्बवायूचे बुडबुडे आणि मेलेली चमक एवढेच हाती लागते. पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान तीन अंश गरम हवा, असा नियम आहे. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेडमध्ये तो पाळणे कठीण. गणपतीला गावी नवी रंगवलेली गाडी न्यायची म्हणून ऐन श्रावणात गॅरेजवाल्याच्या मागे लागणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. काम मे महिन्यात उरकावे, नाहीतर दसऱ्यानंतर ठेवावे. अगदीच अडले तर भट्टी असलेल्या ठिकाणीच द्यावे, आणि कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी गाळणारी बाटली आहे ना, हे पाहून द्यावे.

पाण्याचा दुसरा घात सहा महिन्यांनी कळतो. पत्र्याच्या पोच्यावर जी लांबी भरतात, ती पॉलिएस्टरची असते आणि चहात बुडवलेल्या खारीसारखी पाणी पिते. आपल्याकडे एन. सी.च्या दिवसांपासूनची सवय म्हणून अनेकजण ती पाणी मारून घासतात. घासायला सोपी जाते, धूळ उडत नाही. पण ते पाणी आत राहते, वर रंगाचे झाकण बसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात रंगाखाली फोड येतात. फोड टाचणीने फोडला तर आत पाणी निघते, खाली गंज. इथे पॉलिश, रबिंग, वॅक्स काही चालत नाही. पत्र्यापर्यंत उघडून पुन्हा सगळे करावे लागते. म्हणून गाडी गॅरेजात असतानाच एक फेरी मारावी आणि लांबी कोरडी घासली जात आहे ना, तेवढे पाहावे. रंग झाल्यावर ते कोणालाच दिसत नाही.

महिन्या-दीड महिन्याने लांबीच्या कडेचा नकाशा किंवा कागदाचे ओरखडे वर दिसू लागणे हा त्याचाच धाकटा भाऊ. खालचे थर पूर्ण वाळायच्या आत वरचा रंग चढवला की ते नंतर आकसतात आणि खाली बसतात. हा दोष क्लिअरपुरता असेल तर बसायचे ते बसू देऊन, दोन-तीन महिन्यांनी एकदाच घासून पॉलिश करावे. आज घासले तर पुढच्या महिन्यात पुन्हा दिसेल.

रंग जुळला नाही, ही तक्रार सोडवायची तर आधी गाडी उजेडात न्यावी. सकाळी, दुपारी, सावलीत, तिरक्या नजरेने, समोरून, असे पाहावे. दोन रंग ट्यूबखाली एक दिसतात आणि उन्हात वेगळे, हा प्रकाशाचा गुण आहे. मेटॅलिकमध्ये तर एकाच डब्यातला रंग ओला मारला तर गडद येतो आणि कोरडा मारला तर फिकट, कारण पापुद्रे वेगवेगळे पहुडतात. शिवाय दहा वर्षे उन्हात राहिलेली गाडी तिच्या पाटीवरच्या रंगसंकेताइतकी ताजी राहिलेली नसते. उपाय म्हणजे नवा रंग शेजारच्या पत्र्यावर विरत नेणे आणि क्लिअर पूर्ण दोन्ही पत्र्यांवर देणे. त्यासाठी चांगले असलेले दारही रंगवावे लागते, आणि गिऱ्हाईक म्हणते, 'हे दार तर चांगले होते, याचे पैसे का?' याचे उत्तर गॅरेजवाल्याने आधीच द्यायला हवे. नंतर दिले की ते फसवणुकीसारखे ऐकू येते.

आता पुन्हा रंगवण्याबद्दल. तक्रार आली की गॅरेजवाला बऱ्याचदा म्हणतो, 'आणा, फुकट मारून देतो.' गिऱ्हाइकाला वाटते, झाले. पण ते फुकट नसते. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाच्या वर्गातली द्रव्ये असतात. १९८४ साली भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. तो वायू वेगळा आणि अतिशय जहाल, हार्डनरमधले द्रव्य वेगळे, हे खरे. पण फवाऱ्यात ते हवेत धुके होऊन तरंगते आणि श्वासावाटे आत जाते. यांमुळे स्प्रे पेंटरांना दमा होतो, हे जगभर नोंदलेले आहे. एकदा शरीराने ते मनावर घेतले की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दम लागतो आणि त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. वासाने इशारा मिळेल म्हणावे तर तेही नाही. वास येईतो प्रमाण वाढलेले असते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क याला अडवत नाही. बाहेरून नळीने शुद्ध हवा देणारा मास्क लागतो आणि हवा खेचून घेणारा बूथ. आमच्या मामूंचा बराचसा जन्म एन. सी. रंगात गेला, त्याचे थिनर डोके धरायचे. दोन डब्यांचा रंग आल्यावर पहिली काही वर्षे त्यांनी तोंडाला पंचा बांधूनच काढली. शेवटच्या दिवसांत उद्यमनगरचा छोटा चढ चढताना ते दोनदा थांबत. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा ते ''रंग'' एवढेच म्हणाले.

तेव्हा कागदाने आणि पॉलिशने जाणाऱ्या दोषासाठी अख्खी गाडी पुन्हा मारायला लावू नये; आणि जिथे मारावीच लागते तिथे, मारणाऱ्याच्या तोंडावर काय आहे ते विचारावे. गाडी टाकताना ज्या गॅरेजात हा प्रश्न विचारल्यावर कोणी खुंटीवरचा मास्क काढून दाखवतो, तिथे बूथही बहुधा स्वच्छ असतो आणि कचऱ्याचे कणही कमी बसतात, असा माझा अनुभव आहे.

राहिले घरी आणल्यानंतरचे. पहिला महिनाभर गाडी झाडाखाली उभी करू नये. चिंचेचा चीक, कावळ्याची विष्ठा ताज्या रंगात उतरते; पडलीच तर ओरबाडू नये, ओले फडके पाच मिनिटे ठेवून मऊ करून उचलावी. धुवायला साधे पाणी आणि मऊ स्पंज. कापडी कव्हर पहिले काही आठवडे घालूच नये, ते वाऱ्याने घासते. वॅक्स दोन महिने तरी लावू नये. रंगातले उरलेसुरले थिनर अजून बाहेर पडत असते आणि वॅक्स त्याची वाट बंद करते. पॉलिशवाले पोरगे सिग्नलला किंवा पेट्रोल पंपावर डबी घेऊन येईलच. त्याला चहाचे पैसे द्यावेत आणि गाडी पुढे न्यावी.